घुमणारं चाक आणि ब्रिजेट टीचर

ब्रिजेट टीचरांची माझी ओळख एका शब्दावरून झाली. शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. शाळा सुटल्यावर मी फाटकाशी स्टेशनच्या बसची वाट बघत उभी होते, तेवढ्यात फिकट पिवळ्या रंगाची एक जुनी गाडी येऊन थांबली. चालवणाऱ्या बाईंना मी स्टाफरूममध्ये लांबून पाहिलं होतं. पन्नाशीच्या आसपास, सुती साडी, कानात छोट्या रिंगा, आणि हाताच्या नखांत काहीतरी काळं.

"सावंतबाई ना? मराठीच्या? बसा."

मी बसले. मी नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये राहते, स्टेशनपर्यंत सोडलंत तरी पुष्कळ झालं, असं मी सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "ते मग. आधी ऐका."

मी ऐकलं. गाडीत आवाज येतच होता.

"येतोय ना? आता त्याला शब्द सांगा."

"घरघर?"

"घरघर म्हाताऱ्या माणसाच्या छातीत असते. नीट ऐका."

"मग गुणगुण."

"त्याहून जाड आहे."

पापडीच्या नाक्यापर्यंत त्यांनी माझे चार शब्द नापास केले. मी मराठीत एम. ए. केलेली, नवी नोकरी, आणि एका विज्ञानाच्या बाईंपुढे माझी अशी तोंडी परीक्षा चाललेली. शेवटी मी म्हटलं, "भोवरा घुमतो ना, तसं घुमतंय."

टीचरांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "घुमतंय. बरोबर. तीन दिवस हा शब्द शोधत होते मी." मग त्यांनी गाडी मोकळ्या रस्त्यावर घेतली आणि डावीकडे वळवली. घुमणं वाढलं. उजवीकडे वळवली, ते कमी झालं. "वळताना गाडीचं ओझं बाहेरच्या चाकावर पडतं. डावीकडे वळल्यावर वाढतोय, म्हणजे उजव्या चाकाचा हब गेला." हब म्हणजे काय ते मला कुठे माहीत होतं. त्यांनी सांगितलं, "बैलगाडीच्या चाकाला मधे तुंबा असतो, तसा मोटारीच्या चाकाला हब. चाक त्याच्यावर बसतं. त्याच्या पोटात बेअरिंग असतं. ते झिजलं की आधी घुमतं, मग खरखरतं, आणि त्याच्यापुढे दुर्लक्ष केलंत तर चाक एका बाजूला जातं आणि तुम्ही दुसऱ्या."

त्या दिवशी मला स्टेशनवर पोचायला बसपेक्षा वीस मिनिटं जास्त लागली.

टीचर जवळच्याच वाघोलीकडच्या. घरामागे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी, घरात म्हातारी आई. लग्न केलं नव्हतं. कुणी का म्हणून विचारलं तर "प्रश्नपत्रिकेत नाही तो प्रश्न" असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. गाडी मुळात त्यांच्या थोरल्या भावाची. तो आखातात नोकरीला गेला आणि गाडी मागे ठेवून गेला. टीचरांनी पहिलं वर्ष ती नुसती धुतली, दुसऱ्या वर्षी चालवायला शिकल्या. रविवारी मिस्सा सुटल्यावर बाकीच्या बाया एकमेकींच्या साड्या बघायच्या. टीचर चर्चच्या आवारातल्या गाड्यांच्या टायरवरून हात फिरवत जायच्या. टायर एका बाजूने जास्त झिजलेला दिसला की मालकाला गाठून विचारायच्या, "चाक हलतंय का तुमचं?" बिचाऱ्यांना प्रश्नच कळायचा नाही.

घरी आईशी त्या गावच्या बोलीत बोलायच्या. तिथे 'पानी' असायचं, 'लोनी' असायचं. शाळेच्या फाटकातून आत आल्या की त्यांचा 'ण' परत यायचा. पण चिडल्या की तो पुन्हा घरी पळायचा, आणि नववीच्या वर्गातून "कोन बोलतंय तिकडे" असं ऐकू आलं की आम्ही शेजारच्या वर्गातले ओळखायचो, आज कुणाची तरी धडगत नाही.

त्या हबची गोष्ट तिथेच संपली नाही. दुसऱ्या दिवशी टीचर माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "नेलपॉलिश आहे?" माझं नुकतंच लग्न झालेलं, पर्समध्ये गुलाबी बाटली होती. टीचर आणि नेलपॉलिश हे काही जुळेना, पण मी दिली. आठवड्याभराने परत करताना त्या म्हणाल्या, "थोडं कमी झालंय. विज्ञानासाठी."

झालं होतं असं. नवघरच्या यशवंतशेठच्या गॅरेजमध्ये गाडी द्यायच्या आधी टीचर पंक्चरवाल्याकडे गेल्या, चाक उतरवून घेतलं आणि हबच्या तोंडावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवला. यशवंतशेठने चार दिवसांनी गाडी परत दिली. पावतीवर 'नवीन हब, नवीन बेअरिंग' असं सुंदर अक्षरात लिहिलेलं. टीचर गॅरेजमधून निघाल्या त्या थेट पंक्चरवाल्याकडे. चाक उतरवलं. गुलाबी ठिपका जागच्या जागी. शेठने जुन्याच बेअरिंगमध्ये भरपूर ग्रीस कोंबून आवाज तेवढा झोपवला होता.

मी म्हटलं, "टीचर, आता जाऊन चांगलं झापा त्याला."

"झापून काय होतं? तो म्हणेल पोराने केलं, मला माहीत नाही. त्याला आपण बोलवू."

आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन होतं. प्रमुख पाहुणे म्हणून दरवर्षी कुणीतरी डॉक्टर नाहीतर प्राध्यापक यायचे. त्या वर्षी टीचरांनी मुख्याध्यापक करंदीकर सरांना पटवलं की मुलांना प्रत्यक्ष काम करणारा माणूस दिसला पाहिजे. यशवंतशेठला निमंत्रणपत्रिका गेली. तो पांढराशुभ्र सफारी घालून, केसांना तेल लावून, बायकोला घेऊन आला. ढोलताशाने त्याचं स्वागत झालं, मुलींनी ओवाळलं, करंदीकर सरांनी श्रीफळ दिलं. शेठ पार भारावून गेला.

मग प्रदर्शन बघायला सगळे मैदानात आले. ज्वालामुखी, पवनचक्की वगैरे झाल्यावर शेवटी 'घर्षण' या विषयाची मांडणी होती. टीचरांची गाडी जॅकवर चढवलेली, पुढचं उजवं चाक काढलेलं. नववीतली एक मुलगी हातात पट्टी घेऊन, पाठ केल्यासारखं, खणखणीत आवाजात सांगू लागली, "हा हब आहे. हा झिजला की बदलावा लागतो. मेकॅनिकने तो खरंच बदलला की नाही हे ओळखण्यासाठी आधी खूण करून ठेवावी. इथे गुलाबी खूण दिसते आहे. यावरून आपण कोणता निष्कर्ष काढू?"

पोरांनी एका सुरात सांगितलं, "हब जुनाच आहे."

त्या बिचारीला गाडी कोणत्या गॅरेजमध्ये गेली होती हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. माहीत होतं ते आम्हा तिघांना, आणि त्यातले टीचर आणि मी आकाशाकडे बघत होतो. शेठने रुमाल काढून मान पुसली आणि पाणी मागितलं. त्याची बायको मात्र फार कौतुकाने म्हणाली, "किती हुशार मुलं हो."

भाषणाला शेठ उभा राहिला. माइक दोनदा ठोकून बघितला. मग म्हणाला, "विद्यार्थ्यांनो, खूण करून ठेवावी." आणि खाली बसला. टाळ्या कडकडून पडल्या. शाळेतलं एवढं छोटं आणि एवढं मुद्द्याचं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः येऊन गाडी घेऊन गेला. टीचर बरोबर गेल्या आणि गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसल्या. शेठने त्यांच्यासमोर नवा हब बसवला आणि शेवटी मान खाली घालून विचारलं, "अजून काही, टीचर?" टीचर म्हणाल्या, "हो. आता हे सगळं परत उघडा. मला शिकायचंय."

त्याने शिकवलं. जॅक लावल्यावर चाक वरून आणि खालून धरून कसं हलवायचं, खटखट लागली तर कशी ओळखायची, हबवरची पत्र्याची टोपी काढून आतली पिन कशी सरळ करायची, नट किती आवळायचा आणि आवळल्यावर परत जरासा ढिला का सोडायचा. टीचर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की नवघरला जायच्या. काळे हात खोबरेल तेल आणि साखर चोळून धुवायच्या. वर्षभरात अशी वेळ आली की शेठच गिऱ्हाइकाच्या गाडीत त्यांना बसवून फेरी मारायचा आणि विचारायचा, "टीचर, कुठलं चाक?" त्या डोळे मिटून सांगायच्या.

स्टाफरूममधल्या कॅलेंडरच्या मागे त्यांनी माझ्याकडून एक यादी करून घेतली होती. एका बाजूला आवाज, एका बाजूला रोग. घुमणे, कुरकुरणे, खडखडणे, करकरणे, टकटकणे. मी एखादा शब्द सुचवला की त्या दोनदा उच्चारून बघायच्या, पटला तरच लिहायला लावायच्या. 'खुळखुळणे' त्यांनी नामंजूर केला. "तो खेळण्याचा आवाज. मोटारीत नाही होत." हा नकार त्यांना पुढे महागात पडला.

मधे काही वर्षं गेली. आम्ही एव्हरशाईन सिटीत घर घेतलं, आणि पाठोपाठ यांनी एक सेकंडहँड गाडी घेतली. आठवड्याभरातच वळणावर तिच्यातून खुळखुळल्यासारखा आवाज यायला लागला. यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काळजी करू नका, आमच्या टीचर आहेत. रविवारी आम्ही वाघोलीला गेलो. टीचर मागच्या सीटवर बसल्या, फेरी झाली, डोळे मिटून त्यांनी निकाल दिला, "मागचं डावं."

मग त्यांच्या अंगणात काम सुरू झालं. मागचं डावं उघडलं. हब ठणठणीत. "मग उजवं," टीचर म्हणाल्या. उजवं उघडलं. तेही ठणठणीत. दोन्ही बंद करून पुन्हा फेरी मारली, आवाज होताच. टीचरांच्या आईने आतून दोनदा जेवायला हाक मारली. दुपारचे दोन वाजले. यांनी कपाळाचा घाम पुसायला फडकं हवं म्हणून डिकी उघडली, आणि आतून सासूबाईंची लोणच्याची रिकामी बरणी गडगडत पुढे आली.

टीचरांनी बरणी उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "कैरीचं." मग त्या अंगणातच बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांची आई काठी टेकत बाहेर आली. आमच्याकडून त्यांनी वचन घेतलं की हे यशवंतशेठला कळता कामा नये. आणि सोमवारी स्टाफरूममध्ये पहिल्या तासाच्या आधी स्वतःच सगळ्यांना साभिनय सांगितलं.

तिथेच चूक झाली, कारण ऐकणाऱ्यांत करंदीकर सर होते.

करंदीकर सर शिस्तीचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मोजकं बोलणं. त्यांच्याकडेही टीचरांसारखीच जुन्या घडणीची गाडी होती आणि ते तिला फार जपायचे. एप्रिलमध्ये पालघरला एका प्रशिक्षणाला सर आणि टीचर त्या गाडीतून गेले. परत आल्यावर टीचर थेट माझ्या वर्गावर आल्या. मी पेपर तपासत होते.

"सरांचं पुढचं उजवं गेलंय. घुमण्याच्या पुढे गेलंय ते. मी जाताना सांगितलं, येताना सांगितलं."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, परवा लोणचं झालं, आज काय मुरंबा?"

एरवी टीचर यावर हसल्या असत्या. पण त्या दाराला टेकून उभ्याच राहिल्या. परवा पहाटे सर साताऱ्याकडच्या गावी निघणार होते. बरोबर बायको, ऐंशीच्या घरातली आई, आणि सुट्टीत आलेली दोन नातवंडं. मधे घाट. टीचरांनी यशवंतशेठचं नाव काढलं होतं, तर सर म्हणाले होते की तो तुमचाच माणूस, तुम्ही म्हणाल तेच तो म्हणणार.

"आणि तुमचं चुकलं असेल तर?" मी विचारलं.

"तर नोकरीत माझी शोभा. पण बरोबर असेल तर?" मग त्यांच्या चेहऱ्यावर ते प्रदर्शनाच्या वेळचे भाव आले. "उद्या निकालाची मीटिंग आहे ना? वरच्या मजल्यावर? सर किती वेळ बसतील?"

"अर्धा तास."

"सव्वा तास करा. ते तुमचं काम."

दुसऱ्या दिवशी टीचरांनी पोट दुखतंय म्हणून चिठ्ठी पाठवली आणि मीटिंगला आल्या नाहीत. मी खिडकीजवळची खुर्ची पकडली. सरांनी सुरुवात केली, आणि खाली मैदानात बदामाच्या झाडाखाली उभी असलेली त्यांची गाडी पुढच्या बाजूने हळूहळू वर जाताना मला दिसली. यशवंतशेठ जॅकचा दांडा फिरवत होता. टीचर पदर खोचून चाकाचे नट सोडवत होत्या.

सर पंचवीस मिनिटांत आटोपायच्या बेतात होते. मी हात वर केला आणि म्हटलं, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांना अर्धा गुण कापायचा की पाव, याचा एकदा निर्णय व्हावा. मराठी माध्यमाच्या शाळेत हा प्रश्न काढल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. इतिहासाचे सर एका बाजूला, संस्कृतच्या बाई दुसऱ्या. दोघांचा आवाज चढला. करंदीकर सरांनी फळ्यावर उदाहरणं लिहिली. ते जरा शमतंय असं वाटलं की मी अनुस्वार काढायची. खाली बघितलं तर चाक झाडाला टेकलं होतं आणि टीचर वर्तमानपत्रावर काहीतरी मांडत होत्या. त्यांनी वर बघून मान हलवली. मी म्हटलं, "सर, माझं समाधान झालं."

सर खाली आले. आम्ही सगळे मागे. एक पाय काढून घेतल्यासारखी गाडी उभी होती. सरांनी आधी गाडीकडे बघितलं, मग शेठकडे, मग टीचरांकडे. आवाज न चढवता विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, सर." टीचरांनी वर्तमानपत्रावरचं बेअरिंग उचलून त्यांच्यापुढे धरलं. "फिरवा."

सरांना ते हातात घ्यावं लागलं. पांढऱ्या बाहीला ग्रीस लागलं. त्यांनी फिरवलं. ते थोडं फिरलं, खरखरलं आणि अडकलं. आतले दोन रोलर फुटले होते, लोखंड तापून निळं पडलं होतं. मग शेठने हब पुढे केला आणि हळू आवाजात सांगितलं, "सर, नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही. ते आतल्या आत फिरून त्याने हबच खाल्लाय. हे बघा, बोट जातंय माझं. घाटात चाक राहिलं नसतं."

सर शाळेच्या पायरीवर बसले. मी त्यांना कधी पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आई मागे उजव्या बाजूलाच बसते." कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. टीचरांनी त्यांना पाण्याचा पेला आणून दिला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"नवीन हब संध्याकाळी पाचपर्यंत बसेल," टीचर म्हणाल्या. "मी स्वतः बघेन."

"बघा," सर म्हणाले. उठले, हात पुसले आणि जिना चढता चढता मागे वळून म्हणाले, "आणि बाई, जाताना मेमो घेऊन जा."

मेमो खरोखरच टाइप होऊन आला. पोटदुखीचं खोटं कारण देऊन बैठकीस अनुपस्थित राहणे आणि वरिष्ठांच्या वाहनाचे विनापरवानगी सुटे भाग करणे, खुलासा चोवीस तासांत. मी टीचरांना दोन पानांचा नम्र खुलासा लिहून दिला. त्यांनी तो वाचला, मराठी छान आहे म्हणाल्या आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग स्वतः एका ओळीत लिहिलं: 'पोट खरोखरच दुखत होते, ते पालघरहून परत आल्यापासून दुखत होते आणि हब निघाल्यावर थांबले.'

सर साताऱ्याहून सगळ्यांसकट सुखरूप परतले. येताना सगळ्या स्टाफसाठी कंदी पेढे आणले. कशाबद्दल ते सांगितलं नाही. एकेक वाटत टीचरांपाशी आले तेव्हा त्यांच्या हातावर दोन ठेवले आणि पुढे गेले. मेमो त्यांनी मागे घेतला नाही. पण त्या जूनपासून ते गाडी बदामाखाली लावेनासे झाले. टीचरांच्या गाडीशेजारी लावायला लागले, आणि महिन्यातून एकदा तरी जाता जाता म्हणायचे, "बाई, जरा बसता का, स्टेशनपर्यंत काम आहे." स्टेशनला त्यांचं काहीही काम नसायचं.

टीचर निवृत्त झाल्या, मग सरही. मी पुढे विरारच्या शाळेत गेले आणि भेटी कमी झाल्या. गुडघ्यांमुळे टीचरांनी गाडी चालवणं सोडल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निर्मळच्या रस्त्यावर. मी रिक्षात होते. समोरून एक छोटी नवी गाडी गचके खात येत होती. काचेवर लाल पट्टीचा 'एल' चिकटवलेला. चालवत होती त्यांची भाचेसून, खळखळून हसत. आणि शेजारच्या सीटवर टीचर. डोळे घट्ट मिटलेले, एका हाताने दाराचं हँडल धरलेलं, दुसऱ्या हाताने कपाळावरून छातीवर, खांद्यावरून खांद्यावर क्रूस चाललेला, ओठ हलत होते. इतक्या वर्षांत टीचर घाबरलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझ्या रिक्षावाल्याने जोरात हॉर्न दिला. टीचरांनी एकच डोळा उघडला. मी दिसल्याबरोबर त्यांचा हात हवेतच थांबला. मग अगदी सावकाश, गाडी माझ्याजवळून गचके खात जाईपर्यंत, त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. कुणाला सांगू नका म्हणून.